खाशाबांना न मिळालेला अर्धा तास

जत्रांचा हंगाम सुरू झाला की आमच्या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत पैलवान दिसू लागतात. एखाद्याचा कान सुजून टम्म झालेला असतो, एखादा लंगडत येतो, एखाद्याच्या मानेवर गजकर्णाचे चट्टे असतात. गेल्या हंगामात असाच एक एकोणीस वर्षांचा मुलगा आजोबांबरोबर आला होता. गुडघा चांगलाच सुजलेला, पण त्याला काळजी दुसरीच. पंधरा दिवसांनी मैदान होते आणि त्याला त्यात उतरायचे होते. मी नको म्हणालो. मुलाने आजोबांकडे पाहिले आणि आजोबांनी मला खाशाबांचा दाखला दिला. खाशाबा जाधव असल्या दुखण्याला भीक घालत नसत, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना खाशाबांच्या गुडघ्याचे पुढे काय झाले ते सांगितले. ते त्यांनी कधी ऐकले नव्हते.

कराडपासून सांगलीपर्यंत खाशाबांचे पदक ठाऊक नाही असा माणूस सापडणे कठीण. पण ज्या शरीराने ते पदक मिळवले, त्या शरीराने काय सोसले हे फारसे कुणी विचारत नाही. मी कुस्तीचा जाणकार नाही. तालमीत गेलो तो शाळेत असताना, आठ-दहा दिवस, तेही वडिलांच्या आग्रहाने. पण पंचवीस-तीस वर्षे पैलवानांचे सांधे तपासतो आहे. त्या नजरेने हे चरित्र पाहिले तर काही वेगळ्या गोष्टी दिसतात.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, कराडला लागूनच. वडील दादासाहेब नावाजलेले पैलवान आणि पाच मुलांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरात कुस्ती होती, त्यामुळे बाळकडू वेगळे पाजावे लागले नाही. त्या वेळी आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग साताऱ्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून खाशाबांवर सातारकर हक्क सांगतात तेव्हा सांगलीकरही मागे राहत नाहीत, आणि त्यात काही चूक नाही. कृष्णाकाठची तालीम ही दोन्हींकडे एकच.

शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. ते दिवस बेचाळीसच्या चळवळीचे होते. साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहिले होते, भूमिगत कार्यकर्ते गावोगाव लपत होते. त्यांना आसरा देणे, त्यांची पत्रके पोहोचवणे ही कामे विद्यार्थिदशेतल्या खाशाबांनी केली. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी घडवलेली कुस्तीची पेठ. तिथे बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना मिळाले.

कॉलेजातली एक गोष्ट सांगतात. वार्षिक क्रीडास्पर्धेत नाव द्यायला खाशाबा गेले तेव्हा तिथल्या क्रीडाशिक्षकांनी त्यांचा लहानसर देह पाहून नाव घ्यायलाच नकार दिला. खाशाबा प्राचार्यांकडे गेले, परवानगी आणली आणि आपल्यापेक्षा थोराड गड्यांना पाडून दाखवले. उंची जेमतेम साडेपाच फूट, वजन पन्नास-पंचावन्न किलोच्या घरातले. त्या क्रीडाशिक्षकांना मी फार दोष देणार नाही. आपल्याकडे पैलवान म्हटला की डोळ्यांसमोर सहा फुटी, शंभर किलोचा देह येतो.

शरीरशास्त्र मात्र लहान चणीच्या बाजूने एक गोष्ट सांगते. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते आणि वजन ठरते आकारमानावर. माणूस सगळ्या बाजूंनी दुप्पट मोठा झाला असे धरा. त्याच्या स्नायूचा छेद चौपट होईल, पण वजन आठपट. ताकद वाढली खरी, पण वजन तिच्या पुढे निघून गेले. म्हणूनच मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझे ओढते आणि हत्तीला ते जमत नाही. चांगला कमावलेला लहान पैलवान स्वतःच्या वजनाच्या मानाने मोठ्या पैलवानापेक्षा जास्त ताकदीचा असतो. शिवाय त्याचा गुरुत्वमध्य जमिनीजवळ असतो, त्यामुळे त्याला उचलणे अवघड आणि त्याने समोरच्याच्या खाली शिरणे सोपे. खाशाबांना पुढे पॉकेट डायनॅमो म्हणू लागले, त्यामागे हे गणित होते. त्यांचा हातखंडा डाव ढाक. समोरच्याची मान बगलेत धरायची आणि कमरेवरून फिरवून त्याला जमिनीवर आपटायचे. यात नुसत्या दंडांची ताकद पुरत नाही. आपली कंबर समोरच्याच्या कमरेखाली गेली की तीच टेकू होते आणि पहारीने दगड उलटावा तसा माणूस उलटतो.

१९४८ साली लंडन ऑलिंपिकची संधी आली. जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. खाशाबा ५२ किलोच्या, म्हणजे फ्लायवेट गटात उतरले. वय २२. तिथे रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाने त्यांना तयार केले. तयार करायचे म्हणजे काय, तर मॅटची ओळख करून द्यायची. तोवरची त्यांची सगळी कुस्ती मातीवरची होती. तरी त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लाला हरवले आणि इराणच्या मन्सूर रईसीपुढे ते हरले. शेवटी सहावा क्रमांक आला. पहिल्यांदाच मॅटवर उभ्या राहिलेल्या माणसासाठी हा क्रमांक थोडाथोडका नव्हता.

माती आणि मॅट यांतला फरक वाचकांना किरकोळ वाटेल, पण शरीराला तो किरकोळ नसतो. आपला हौदा तांबड्या मातीचा. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मुरवलेली असते. माती पायाखाली थोडी सरकते, घाम शोषून घेते, अंगाला लागली की पकड धरायला मदत करते. मॅट तशी नाही. तिच्यावर पाऊल चिकटते. अंग वळते आणि तळवा जागेवरच राहतो. मधे सापडतो तो गुडघा. घामाने अंग निसरडे होते, म्हणून पकड वेगळी धरावी लागते. मातीवरची निकाली कुस्ती चितपट होईपर्यंत चालते. पैलवान दम खात, अंदाज घेत, एका डावाची वाट पाहत खेळू शकतो. मॅटवर घड्याळ असते आणि गुण असतात. तिथे वाट पाहणारा मागे पडतो.

लंडनहून आल्यावर चार वर्षे खाशाबांनी या नव्या कुस्तीची तयारी केली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी ते ५७ किलोच्या, म्हणजे बँटमवेट गटात गेले. मला त्यांच्या कारकिर्दीतला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो, कारण आज माझ्याकडे येणारी मुले नेमके उलटे करतात.

खालच्या गटात उतरले की समोरचा हलका मिळेल, हा हिशेब. मग वजनाच्या आधी दोन दिवस पाणी बंद, जाड कपडे घालून उन्हात पळणे, थुंकून थुंकून शरीरातले पाणी काढणे आणि कुठून तरी मिळवलेल्या लघवीच्या गोळ्या. काट्यावर वजन बसते. पण कमी झालेली ती चरबी नसते, ते पाणी असते. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेले तरी कामगिरी घसरू लागते. ५७ किलोच्या मल्लाला हे म्हणजे सव्वा लिटरही नाही. त्याहून जास्त गेले की रक्त घट्ट होते, मूत्रपिंडावर ताण येतो, पोटॅशियम खालीवर होऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महिन्याभराच्या अंतरात तीन कॉलेज कुस्तीगीर असे वजन उतरवताना दगावले. तिघेही तरुण, धडधाकट. त्यानंतर तिथे वजन उतरवण्यासाठी रबरी कपडे आणि सॉना वापरण्यावर बंदी आली, शरीरातले पाणी तपासून मगच मल्लाचा सर्वांत खालचा गट ठरवायचा नियम झाला. २०२४ साली पॅरिसमध्ये विनेश फोगाटचे वजन अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरले आणि सगळा देश रात्रभर वजन उतरवणे म्हणजे काय हे पहिल्यांदा शिकला. लघवीच्या गोळ्या तर उत्तेजक चाचणीतही पकडल्या जातात. मागच्या वर्षी एका मुलाला ही गोळी कुणी दिली असे विचारले, तर तो तालमीतल्या मित्राचे नाव सांगायला तयार होईना. गोळी रक्तदाबाची होती आणि मित्राच्या आजीची होती.

आता निवडीची गोष्ट. मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत खाशाबा निरंजन दास यांच्याविरुद्ध एका गुणाने हरले असे जाहीर झाले. निकाल आपल्यावर अन्याय करणारा आहे असे त्यांना वाटले आणि त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी पुन्हा लढत घ्यायला लावली. त्या लढतीत खाशाबांनी निरंजन दासांना चितपट केले आणि गुणांचा प्रश्नच उरला नाही.

निवड झाली, पण पैसे नव्हते. सरकारकडे केलेल्या विनंत्यांतून वेळेवर हाती काही आले नाही. गोळेश्वरच्या लोकांनी आणि आसपासच्या गावांनी वर्गणी काढली, दुकानदारांनी जे जमेल ते दिले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. १९५२ सालचे ७ हजार. आपल्या जुन्या विद्यार्थ्याला कुस्ती खेळायला पाठवण्यासाठी एका प्राध्यापकाने घर गहाण टाकावे, याचा अर्थ मी इतक्या वर्षांत पुरता लावू शकलेलो नाही.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला आणि मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्तोला हरवले. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झलाही मागे टाकले. तेव्हाची पद्धत आजच्यासारखी बाद फेरीची नव्हती. पराभवाला आणि निसटत्या विजयालाही दंडाचे गुण मिळत, ते ठरावीक मर्यादेला पोहोचले की मल्ल स्पर्धेबाहेर. अशी गाळणी होत होत जपानचा शोहाची इशी, सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव्ह आणि आपले खाशाबा वरच्या तिघांत आले.

इशीबरोबरची लढत पंधरा मिनिटांहून जास्त चालली. आजच्या ऑलिंपिक कुस्तीत तीन-तीन मिनिटांचे दोन भाग असतात, मधे अर्ध्या मिनिटाची विश्रांती. म्हणजे आज जेवढा वेळ पुरे मानतात त्याच्या दुपटीहून जास्त वेळ ते दोघे एकमेकांना भिडले होते. खाशाबा थोडक्यात हरले. आणि लगेचच त्यांना मम्मदबेयोव्हसमोर उभे राहायला सांगण्यात आले.

दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण तो दाखवून देणारा, भांडणारा कुणी भारतीय अधिकारी त्या वेळी मॅटजवळ नव्हता. एकट्या खाशाबांचे कोण ऐकणार? ते दमलेल्या अंगाने उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. तारीख होती २३ जुलै १९५२. जपानचे त्या ऑलिंपिकमधले एकमेव सुवर्णपदक म्हणजे इशीचे हे पदक. एवढ्या तोडीच्या माणसाशी पंधरा मिनिटे झुंजून खाशाबा आले होते.

तो अर्धा तास मिळाला असता तर काय झाले असते, यावर पारावर कितीही वेळ बोलता येते. लढतीचा निकाल मी सांगू शकत नाही, पण त्या अर्ध्या तासात शरीरात काय होते हे सांगू शकतो.

स्नायूला ताकद लावायला तीन कोठारे असतात. पहिले असते स्नायूतच साठवलेल्या फॉस्फोक्रिएटिनचे. एकदम उसळी मारायची, समोरच्याला उचलायचे, ढाक मारायची, की हे कोठार उघडते आणि आठ-दहा सेकंदांत रिकामे होत येते. थोडी उसंत मिळाली तर काही मिनिटांत ते बऱ्यापैकी भरते. उसंत नाही मिळाली की शरीर दुसऱ्या कोठाराकडे वळते. स्नायूतली साखर प्राणवायूशिवाय जाळायची. यातून ताकद झटपट मिळते, पण लॅक्टेट साठते, स्नायूत आम्लता वाढते, आणि मन म्हणेल तेवढा हात आवळत नाही. तिसरे कोठार प्राणवायूचे. ते संपत नाही, पण संथ चालते. झुंजीत हवी असते ती उसळी त्याच्याकडून मिळत नाही.

विश्रांतीत बसलेल्या माणसाच्या रक्तात लॅक्टेट लिटरमागे एक-दोन मिलिमोल असते. अटीतटीच्या कुस्तीनंतर ते पंधराच्या वरही जाते. नुसते बसून राहिले तर निम्मे व्हायला साधारण वीस मिनिटे लागतात आणि पूर्ववत व्हायला तास-दीड तास. हलके हलके चालत राहिले तर काम थोडे लवकर होते. म्हणजे अर्ध्या तासाने माणूस ताजातवाना होत नाही. पण पहिले कोठार पुन्हा भरलेले असते, दुसऱ्याचा कचरा निम्म्याहून जास्त उपसला गेलेला असतो, श्वास जागेवर येतो, चार घोट पाणी पोटात जाते. ढाक मारायला पुरेल एवढी उसळी अंगात परत येते. नियमातला अर्धा तास म्हणजे उदारपणा नव्हता. त्याहून कमी वेळात दमलेला स्नायू सावरतच नाही.

(जाता जाता एक खुलासा. कुस्तीनंतर दुसऱ्या दिवशी अंग ठणकते ते लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळे, असे पुष्कळ वस्ताद सांगतात. लॅक्टेट तोवर केव्हाच निघून गेलेले असते. दुसऱ्या दिवसाची ठणक स्नायूच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजेची असते.)

त्याच हेलसिंकीत कोल्हापूरकडचेच केशव माणगावे ६२ किलो गटात चौथे आले. एका पायरीने त्यांचे पदक हुकले. त्यांची आठवण आज किती जणांना आहे?

खाशाबा परतले तेव्हा कराडला १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पंधरा मिनिटांचा रस्ता, गोळेश्वरला पोहोचायला सात तास लागले असे त्या मिरवणुकीबद्दल सांगतात. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक. पुढचे यायला ४४ वर्षे लागली. १९९६ साली अटलांटात लिअँडर पेसने टेनिसमध्ये ते मिळवले. कुस्तीतले दुसरे तर २००८ मध्ये, बीजिंगला, सुशीलकुमारचे. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी पहिले काम कोणते केले असेल, तर कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः त्यात लढले आणि आलेल्या पैशातून खर्डेकर सरांचे घर सोडवून दिले.

१९५५ मध्ये ते मुंबई पोलिसांत सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. खात्यातल्या स्पर्धा जिंकल्या, पुढे पोलिसांना खेळाचे धडेही दिले. नजर १९५६ च्या मेलबर्नवर होती. वय तीस, अनुभव दोन ऑलिंपिकचा. पण गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि मेलबर्न राहून गेले. जागतिक पातळीवरची कारकीर्द तिथेच थांबली.

मी त्या आजोबांना सांगितले ते हे. १९५६ साली गुडघ्याच्या आत काय झाले आहे हे पाहायला क्ष-किरणाखेरीज फारसे काही नव्हते आणि क्ष-किरणात हाडे दिसतात. गुडघ्यातल्या कूर्चेच्या चकत्या आणि लिगामेंट त्यात दिसत नाहीत. एमआरआय दवाखान्यांत आला १९८० च्या दशकात. दुर्बिणीतून चकतीची शस्त्रक्रिया पहिल्यांदा जपानमध्ये झाली ती १९६२ साली. तोवर उपाय म्हणजे प्लास्टर, विश्रांती, शेक, आणि फारच झाले तर गुडघा उघडून अख्खी चकती काढून टाकणे. ही चकती फारशी कामाची नाही असाच तेव्हा समज होता. फेअरबँक नावाच्या ब्रिटिश शल्यविशारदाने १९४८ मध्येच दाखवले होते की चकती काढलेल्या गुडघ्यात पुढे झिजेची चिन्हे दिसू लागतात, पण ते सगळीकडे मुरायला कित्येक वर्षे गेली. चकती म्हणजे मांडीच्या आणि नळीच्या हाडामधली गादी. ती गेली की हाडावर हाड घासते.

आज चित्र वेगळे आहे. फाटलेली चकती शक्य असेल तिथे शिवतात, तुटलेला क्रुसिएट लिगामेंट नव्याने बसवतात आणि नेटाने फिजिओथेरपी केली तर पैलवान साधारण नऊ महिन्यांनी, कधी वर्षाने, पुन्हा उतरू शकतो. अडचण उपचारांची राहिलेली नाही. अडचण अशी की मुलगा माझ्याकडे तिसऱ्यांदा गुडघा निसटल्यावर येतो. मधल्या काळात सूज उतरली की तो बरा झालो असे समजून मैदान मारून आलेला असतो आणि प्रत्येक वेळी चकती थोडी थोडी फाटत गेलेली असते. गुडघा वळताना आतून कट्कन आवाज आला, काही तासांत सूज आली, आणि जिना उतरताना पाय लटपटला, तर तो पैलवान त्या हंगामापुरता बसला असे समजावे. कानाचेही तसेच. कानाच्या कूर्चेला रक्त मिळते ते वरच्या पातळ आवरणातून. मार लागून मधे रक्त साठले की कूर्चा उपाशी मरते आणि कान कायमचा गड्ड्यासारखा होतो. पहिल्या दोन-चार दिवसांत रक्त काढून घट्ट पट्टी बांधली तर कान वाचतो. पण मोडलेला कान ही पैलवानाची खूण, म्हणून मुले येतच नाहीत. त्यापुढे माझे काही चालत नाही.

खाशाबांची पोलिसातली नोकरी २७ वर्षांची झाली. अनेक वर्षे ते सब-इन्स्पेक्टरच राहिले, निवृत्त झाले ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या ज्योतयात्रेत त्यांना सामील करून घेतले गेले. पण निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले आणि शेवटचे दिवस पैशाच्या ओढीत गेले. खेळाडूची हाडे, सांधे, स्नायू उतारवयात सर्वसाधारण माणसापेक्षा आधी कुरकुरतात. औषधपाणी नेमके तेव्हाच लागते आणि पैसाही तेव्हाच आटलेला असतो. आमच्याकडे येणारे साठीचे पैलवान पाहिले की हे कळते. त्यातल्या कित्येकांना गुडघेदुखीच्या जोडीला मधुमेह आणि रक्तदाबही असतो, कारण कुस्ती सुटली तरी खुराक सुटलेला नसतो. दूध, तूप, बदाम रोजचे आणि जोर-बैठका बंद. तीन-चार हजार कॅलरी जाळणारे शरीर दोन हजारांवर आले की उरलेले पोटावर जाते.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात खाशाबांचा मृत्यू झाला. वय ५८. आमच्या महामार्गावर तेव्हा अपघातात जखमी झालेल्याला मिळेल त्या ट्रकमधून किंवा जीपमधून दवाखान्यात आणत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात सुरू व्हायला २०१४ साल उजाडले.

अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. खाशाबांना २००० सालचा मिळाला, मरणोत्तर. राज्य सरकारचा छत्रपती पुरस्कार १९९२-९३ चा, तोही मरणोत्तर. हयातीत पद्म पुरस्कार मिळाला नाही. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले आणि १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

त्या मुलाचा एमआरआय झाला. आतल्या बाजूची चकती फाटलेली, लिगामेंट शाबूत. मैदानाच्या दिवशी तो कडेला, आजोबांशेजारी बसून कुस्त्या पाहत होता, असे त्यानेच मला सांगितले. त्याच्या जोडीचा गडी दुसऱ्याबरोबर लढला आणि जिंकला, याचे त्याला फार वाईट वाटत होते. चकती शिवून आता पाच महिने झाले आहेत. दर गुरुवारी तो व्यायामाला येतो. बरोबर आजोबा असतात आणि माती कधी लागेल हे मला दर वेळी तेच विचारतात.